वृत्तपत्र, एफएम आणि वाहिनी एकाच घरात: कायदा नेमका कुठे अडवतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका कुटुंबाचं जिल्हा दैनिक तीन पिढ्या चालू आहे. आता त्यांना एफएम स्टेशन घ्यायचं आहे आणि जमलं तर बातम्यांची मराठी वाहिनीही काढायची आहे. त्यांच्या सीएंचं म्हणणं, वृत्तपत्राच्या मालकाला रेडिओ-टीव्ही चालवता येत नाही, तसा नियम आहे. मग मोठे समूह हे कसं करतात, असा त्यांचा सवाल.

तुमच्या सीएंनी जो नियम वाचला तो अमेरिकेचा आहे, आणि आता तो तिथेही उरलेला नाही. भारतात वृत्तपत्राच्या मालकाने वाहिनी किंवा एफएम काढू नये असं सांगणारा कायदा आज नाही. ‘लोकमत’ने टीव्ही१८च्या भागीदारीत २००८ साली बातम्यांची वाहिनी सुरू केली. ‘सकाळ’ची ‘साम’ आहे, कोल्हापुरात ‘पुढारी’चं टोमॅटो एफएम आहे. ‘दिव्य मराठी’ काढणाऱ्या डीबी कॉर्पचा माय एफएम हा त्याच कंपनीचा एक विभाग आहे आणि टाइम्स समूहाची रेडिओ मिरची सगळ्यांना ठाऊक आहे. यातलं काहीही पळवाट काढून झालेलं नाही, सगळं रीतसर परवानगीने चाललंय.

अमेरिकेचं एवढ्यासाठी सांगतो की सीएंशी बोलताना उपयोगी पडेल. तिथल्या एफसीसीने (प्रसारणावर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) १९७५मध्ये नियम केला की एकाच गावात दैनिक आणि प्रसारण केंद्र एका मालकाकडे नको. आधीपासूनच्या बहुतेक जोड्यांना हात लावला नाही, फक्त १६ ठिकाणी विक्री करायला लावली. १९७८मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नियम उचलून धरला. रूपर्ट मर्डोक यांना १९८८मध्ये ‘न्यूयॉर्क पोस्ट’ विकावा लागला तो याच नियमापायी, कारण त्याच शहरातलं टीव्ही केंद्र त्यांनी घेतलं होतं. १९९३मध्ये खास सूट मिळवून त्यांनी तो परत घेतला. २०१७मध्ये एफसीसीनेच नियम रद्द केला, त्यावरून कोर्टबाजी झाली आणि एप्रिल २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने एफसीसीच्या बाजूने कौल दिला. इंटरनेटमुळे स्थानिक वृत्तपत्रं मोडकळीला आल्यावर त्यांना टीव्हीवाल्यांपासून वाचवण्यात अर्थ उरला नाही, असा साधारण युक्तिवाद होता. मला तो अर्धाच पटतो, पण तो वेगळा विषय.

आपल्याकडे असा नियम का झाला नाही, हे कळलं की पुढे तुम्हाला कुठे अडचण येऊ शकते तेही कळतं. त्याची सुरुवात पुण्यातून होते. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालच्या पहिल्या वृत्तपत्र आयोगाने १९५४मध्ये शिफारस केली की पानांच्या संख्येनुसार अंकाची किंमत ठरवून द्यावी, म्हणजे बडी वृत्तपत्रं जास्त पानं स्वस्तात देऊन छोट्यांना गिळणार नाहीत. त्यावर १९५६चा कायदा आणि १९६०चा आदेश आला. ‘सकाळ’ थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. आदेश पाळायचा तर एकतर किंमत वाढवा नाहीतर पानं कमी करा, आणि दोन्हीत खप घटणार. सरकारची बाजू अशी होती की हे मक्तेदारी रोखण्यासाठी आहे. न्यायालयाने ते मान्य केलं नाही. अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर बंधन घालायचं तर ते घटनेच्या १९(२)मध्ये दिलेल्या कारणांसाठीच, ‘सर्वसाधारण जनहित’ हे कारण त्यात बसत नाही, असा तो निकाल. १९७२मध्ये बेनेट कोलमन (टाइम्स समूहाची कंपनी) खटल्यात न्यूजप्रिंटच्या, म्हणजे छपाईच्या कागदाच्या, निमित्ताने हीच रेघ आणखी ठळक झाली. तेव्हापासून वृत्तपत्राच्या आकाराला, खपाला किंवा मालकाच्या पसाऱ्याला थेट हात लावायचं धाडस कुठल्या सरकारला झालेलं नाही.

प्रसारणाचं उलट आहे. ९ फेब्रुवारी १९९५ला क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या खटल्यात न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगितलं की हवेतून जाणाऱ्या प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्या मोजक्या आहेत, त्यांचा वापर जनतेच्या हितासाठी नियंत्रित करता येतो आणि केला पाहिजे. म्हणजे कागदाला सरकार हात लावू शकत नाही, हवेला लावू शकतं. आपल्याकडे वृत्तपत्र आणि प्रसारण एकत्र ठेवण्यावर कधी मर्यादा आलीच तर ती हवेच्या बाजूने येणार, परवान्याची अट म्हणून. तुमचं दैनिक कुणी बंद करायला सांगणार नाही. एफएम सोडायला सांगू शकतात.

तसा प्रयत्न १९९७मध्ये झाला होता. प्रसारण विधेयकात तरतूद होती की वृत्तपत्राच्या मालकाला प्रसारण कंपनीत २० टक्क्यांपेक्षा जास्त हिस्सा नको. विधेयक शरद पवारांच्या अध्यक्षतेखालच्या संयुक्त समितीकडे गेलं, वर्षाअखेरीस लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयकही तिच्याबरोबर संपलं. पुढे २००६पासूनचे मसुदे मसुदेच राहिले.

मात्र त्या काळची एक खूण एफएमच्या धोरणात शिल्लक आहे, आणि तुमच्या दृष्टीने या सगळ्या उत्तरातला सर्वांत महत्त्वाचा कागद तोच. दुसऱ्या टप्प्याच्या (२००५) आणि तिसऱ्या टप्प्याच्या (२०११) धोरणात एक कलम आहे. त्याचा आशय असा: परवानगीच्या मुदतीत सरकारने माध्यमांच्या एकत्रित मालकीबद्दल धोरण जाहीर केलं, तर परवानाधारकाने सहा महिन्यांत त्याप्रमाणे स्वतःला बसवून घ्यावं, नाहीतर कारवाई. खरोखरच शक्य नसेल तर एक महिन्याची नोटीस देऊन बाहेर पडायचा पर्याय मंत्रालय देऊ शकतं आणि उरलेल्या काळाचं प्रवेशशुल्क हिशेबाने परत मिळू शकतं. परवानगी असते १५ वर्षांची. म्हणजे तुम्ही स्टुडिओ उभारणार, माणसं घेणार, जाहिरातदार जोडणार आणि या सगळ्यावर पंधरा वर्षं ते सहा महिन्यांचं कलम लटकत राहणार. आजवर ते कुणावर वापरायची वेळ आलेली नाही, कारण धोरणच आलं नाही. तरी बँकेकडे कर्जाला जाल तेव्हा त्यांचा वकील याच कलमावर बोट ठेवेल, हे गृहीत धरा.

हे धोरण आलं तर कसं असेल, याचा अंदाज ट्रायच्या (दूरसंचार आणि प्रसारणाच्या नियामक संस्थेच्या) १२ ऑगस्ट २०१४च्या शिफारशींवरून येतो. त्यात फक्त दैनिकं आणि टीव्ही धरलेत, तेही बातम्यांपुरते. बाजार ठरवायचा भाषा आणि राज्यावरून. मोजमाप हर्फिन्डाल निर्देशांकाचं. ऐकायला जड वाटतं, पण गणित पाचवीचं आहे. प्रत्येकाचा बाजारातला हिस्सा टक्क्यांत घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, सगळ्यांची बेरीज करायची. बेरीज फार मोठी आली की बाजाराचं केंद्रीकरण झालं असं धरायचं. अशा दोन्ही बाजारांत, म्हणजे वृत्तपत्रांत आणि टीव्हीतही, एकाच मालकाच्या हिश्श्याचा वर्ग हजाराच्या वर गेला तर तीन वर्षांत एका ठिकाणचा ताबा कमी करायचा. आता ३१चा वर्ग ९६१ आणि ३२चा १०२४. म्हणजे दोन्हीकडे ३२ टक्के असतील तर अडचण, ३१ असतील तर खुशाल चालू द्या. ‘ताबा’ म्हणजे ५१ टक्के नव्हेत, २० टक्के भांडवलही पुरे, आणि नातेवाइकांच्या वा उपकंपन्यांच्या नावावरचंही त्यात धरायचं, असंही त्यांनी म्हटलं होतं. हा भाग मला शिफारशींतला सगळ्यांत चांगला वाटतो.

पण राज्य हा बाजार धरण्याशी माझा पहिल्यापासून मतभेद आहे. महाराष्ट्रात मक्तेदारी राज्याच्या पातळीवर नसते, जिल्ह्यात असते. एखाद्या जिल्ह्यात दहातले सहा वाचक एकच दैनिक वाचतात, तिथली केबल त्याच घरातल्या पुतण्याकडे असते, होर्डिंगही त्यांचेच. नगरपालिकेत काय चाललंय हे तिथल्या माणसाला एकाच दारातून कळतं. पण राज्यभराच्या खपात त्या दैनिकाचा हिस्सा पाच टक्के, पाचाचा वर्ग पंचवीस, आणि ट्रायच्या कसोटीत ते सहीसलामत सुटतं. मोजपट्टी एवढी मोठी घेतली की गावातलं काहीच दिसत नाही. तुमच्या सोयीचं आहे हे खरं, म्हणून तुम्हाला सांगतो. नागरिक म्हणून विचाराल तर ही कसोटी मला निरुपयोगी वाटते. २०२२च्या एप्रिलमध्ये ट्रायने याच विषयावर पुन्हा सल्लामसलतीचा कागद काढला. कायदा अजून नाही.

एकत्रित मालकीवरचं जे बंधन प्रत्यक्ष लागू झालं ते वितरणात. २००१च्या डीटीएच मार्गदर्शक तत्त्वांत अट होती की प्रसारण कंपन्या आणि केबल कंपन्या मिळून डीटीएच कंपनीत २० टक्क्यांपेक्षा जास्त हिस्सा घेऊ शकत नाहीत. आता सन टीव्ही आणि सन डायरेक्ट बघा, किंवा पूर्वीचे झी आणि डिश टीव्ही. प्रवर्तक घराणं एकच, पण एका कंपनीचे शेअर दुसरीकडे नाहीत, दोन्हींचे शेअर वर प्रवर्तकांकडे. अट पाळली गेली आणि एकत्रीकरणही झालं. नियम माणसं मोजत नाही, कंपन्या मोजतो, म्हणून असं होतं. राजकारणाचंही तसंच. एफएमच्या धोरणात राजकीय पक्षाच्या ताब्यातल्या कंपनीला मनाई आहे. आमदाराच्या मालकीच्या कंपनीला नाही.

आता तुमच्या कामाचं.

एफएमसाठी २०२२च्या ऑक्टोबरमध्ये अटी सैल झाल्या. देशभरातल्या एकूण चॅनलपैकी १५ टक्क्यांची एका समूहावरची मर्यादा काढली, ‘क’ आणि ‘ड’ वर्गाच्या (लहान) शहरांसाठी नेटवर्थची (कंपनीच्या निव्वळ मालमत्तेची) अट दीड कोटीवरून एक कोटीवर आणली. २०२४च्या ऑगस्टमध्ये २३४ नव्या शहरांतल्या ७३० चॅनलच्या ई-लिलावाला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. लातूर, चंद्रपूर, यवतमाळ अशी आपल्याकडची शहरं त्यात आहेत. वार्षिक शुल्क जीएसटी वगळून ढोबळ उत्पन्नाच्या ४ टक्के. हे सगळं जिल्हा दैनिकाच्या आवाक्यातलं आहे.

अडतं ते भलतीकडे. धोरणातल्या अपात्रतेच्या यादीत धार्मिक आणि राजकीय संस्थांबरोबर जाहिरात संस्था आहेत. कंपनी स्वतः जाहिरात एजन्सी असेल, एजन्सीची सहयोगी असेल किंवा एजन्सीशी संबंधित व्यक्तीच्या ताब्यात असेल तर ती अपात्र. आता जिल्हा दैनिकाच्या घरात एजन्सी नाही असं कुठे असतं? पंधरा टक्के कमिशन बाहेर का जाऊ द्यायचं म्हणून धाकट्या भावाच्या किंवा वहिनींच्या नावावर एक एजन्सी काढलेली असते, ती मुख्य एजन्सीकडून बिलं फिरवते आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. दैनिकापुरतं ते चालतं. एफएमचा अर्ज भरताना मात्र ती एजन्सी आधी निकालात काढावी लागेल, आणि ‘काढली’ म्हणजे नावावरून काढली असं नव्हे. जीएसटी नोंदणी, बँक खातं, भागीदारी करार, सगळीकडची नाती तुटलेली दिसली पाहिजेत. एकाच व्यवस्थापनाच्या दोन कंपन्यांनी एकाच शहरासाठी अर्ज करणंही चालत नाही. तेव्हा थोरल्यांची एक आणि धाकट्यांची एक अशी दुहेरी बोली मनात असेल तर ती सोडा.

आणि एफएम घेऊन बातम्या देता येतील या भ्रमात राहू नका. खासगी एफएमला आकाशवाणीची बातमीपत्रं जशीच्या तशी लावायची मुभा आहे, स्वतःच्या बातम्यांची नाही. हवामान, वाहतूक, परीक्षांचे निकाल, खेळ, सण-उत्सव, वीज-पाण्याच्या सूचना चालतात. म्हणजे उद्या शहराला पाणी येणार नाही हे सांगता येईल. जलवाहिनीचं टेंडर कुणी अडवून ठेवलंय हे सांगता येणार नाही, ते सकाळी तुमच्या अंकातच छापा. तासाला दहा मिनिटं बातम्यांची मुभा द्यावी अशी ट्रायची २०२३ची शिफारस आहे, पण शिफारशीवर धंद्याचा आराखडा बांधू नये. एफएम ही तुमच्यासाठी जाहिरातींची जोडविक्री आहे, एवढंच धरून हिशेब करा.

बातम्यांची उपग्रह वाहिनी हा वेगळाच खेळ. पहिल्या वाहिनीसाठी २० कोटींचं नेटवर्थ लागतं, आणि एवढं असेल तर पुढचं वाचा. सगळ्यांत मोठ्या भारतीय भागधारकाकडे किमान ५१ टक्के भांडवल असावं लागतं. आजोबांनी चार मुलांत पंचवीस-पंचवीस टक्के वाटून दिलेत, मग ५१ कुणाचे? नियमाने याला वाट ठेवली आहे. नातेवाईक आणि त्यांच्या कंपन्या मिळून ‘एक भागधारक’ धरता येतात, पण त्या सगळ्यांनी कंपनीच्या कारभारात एकच घटक म्हणून वागण्याचा कायदेशीर बंधनकारक करार केलेला असला पाहिजे. तोंडी ‘आमच्यात एकी आहे’ चालत नाही. चारही भावांची एकजूट कायदेशीर कागदावर आणणं हे नेटवर्थ जमवण्यापेक्षा अवघड जातं, हे मी अनेक घरांत बघितलंय. बहुतेकदा बहिणींच्या हिश्शाचा प्रश्न तेव्हाच पहिल्यांदा निघतो.

शिवाय संचालकांना गृह मंत्रालयाची सुरक्षा मंजुरी लागते. त्याबद्दल ५ एप्रिल २०२३चा निकाल तुमच्या वकिलांनी वाचलेला असावा. केरळातल्या ‘माध्यमम’ दैनिकाशी जोडलेल्या मीडियावन वाहिनीची परवानगी मंजुरीअभावी नाकारली होती. बंद लिफाफ्यातल्या कारणांवरून परवानगी नाकारता येणार नाही, असं सांगत सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. म्हणजे नकार आलाच तर लढायला जागा आहे. वेळ मात्र जातो.

कंपनी एकच ठेवू की दोन, असं सगळे विचारतात. दोन ठेवा. वृत्तपत्रात परकीय भांडवल २६ टक्क्यांपर्यंत, डिजिटल बातम्यांत २६, बातम्यांच्या वाहिनीत आणि एफएममध्ये ४९. सगळं एका कंपनीत घातलं की सगळ्यांत कमी आकडा सगळ्यांना लागू होतो. उद्या एखादा गुंतवणूकदार वाहिनीसाठी ४० टक्के घ्यायला तयार झाला तर आजोबांचं दैनिक आडवं येईल. आणि ते सहा महिन्यांचं कलम कधी जागं झालंच, तर वेगळी कंपनी विकणं सोपं, दैनिकाच्या पोटातला विभाग कापून काढणं अवघड. एका कंपनीत छपाईचं कर्ज, घसारा, नफा सगळं एकत्र दाखवायचा मोह सीएंना होईल. कर वाचतोही. तरी नको.

तुमच्याकडे सगळ्यांत लवकर होण्यासारखी गोष्ट मात्र या दोन्हींपैकी नाही. केबलवरची स्थानिक वाहिनी, सरकारी भाषेत ‘प्लॅटफॉर्म सर्व्हिस’. ३० नोव्हेंबर २०२२च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे एमएसओने, म्हणजे मुख्य केबल ऑपरेटरने, चॅनलमागे हजार रुपये भरून नोंदणी करायची, अशी चॅनल त्याच्या एकूण क्षमतेच्या ५ टक्क्यांच्या आत हवीत, पडद्यावर प्लॅटफॉर्म सर्व्हिस असं दिसलं पाहिजे आणि ९० दिवसांचं रेकॉर्डिंग जपायचं. स्थानिक बातम्या द्यायच्या तर तो एमएसओ नोंदणीकृत कंपनी असला पाहिजे. एमएसओ तुम्ही नाही, तेव्हा नोंदणी त्याच्या नावावर, बातम्या तुमच्या वार्ताहरांच्या, असा करार होतो.

या करारात एक गोष्ट जवळपास सगळेच चुकवतात. प्लॅटफॉर्म सर्व्हिसचा मजकूर त्या एका ऑपरेटरपुरताच असावा लागतो, तो दुसऱ्याला थेट किंवा आडून देता येत नाही. सूट आहे ती देवस्थानांच्या थेट प्रक्षेपणाला. जिल्ह्यात दोन एमएसओ असतील आणि तुमचं रात्री आठचं बातमीपत्र दोघांकडे सारखंच जात असेल, तर ते नियमात बसत नाही. शहर एकाकडे आणि तालुके दुसऱ्याकडे असतील तर अर्ध्या जिल्ह्यावर पाणी सोडा, नाहीतर दोन वेगळी बातमीपत्रं बनवा. तेच बातमीपत्र यूट्यूबवर टाकायला वेगळा परवाना लागत नाही, म्हणून बहुतेक दैनिकं आता तिकडेच वळली आहेत. तिथे २०२१चे आयटी नियम लागू होतात, तक्रार निवारण अधिकारी नेमायचा आणि त्याचं नाव-पत्ता संकेतस्थळावर द्यायचा.

एक शेवटचा कागद. दैनिक आजोबांच्या वैयक्तिक नावावर आहे, असं तुमच्या प्रश्नावरून वाटतं. १८६७च्या कायद्याखाली त्यांनी दिलेलं डिक्लेरेशन असेल. १ मार्च २०२४पासून नवा कायदा लागू आहे, नोंदणी प्रेस रजिस्ट्रार जनरलकडे ऑनलाइन होते. मालकी नव्या कायद्यात नीट उतरलेली आहे का, वारसांची नावं लागली आहेत का, हे आधी बघा. जुन्या नियमांत फेब्रुवारी संपल्यानंतरच्या पहिल्या अंकात फॉर्म नंबर चार छापावा लागायचा, त्यात एक टक्क्याहून जास्त भांडवल असलेल्यांची नावं असायची. जुने अंक काढा आणि दरवर्षी काय छापलंय ते पाहा. एफएमच्या अर्जात एक मालक आणि तुमच्याच अंकात दुसरा, असं झालं तर खुलासा करण्यात लिलावाची मुदत निघून जाईल. वाहिन्यांना पडद्यावर असं काही दाखवायची सक्ती कधीच नव्हती. वृत्तपत्रांना होती, आणि तुमची मालकी वर्षानुवर्षं छापील आहे.